बाळाच्या अंगावरचे वळ आणि लशीतली चूक, दोन्हींना नोंदवहीत जागा द्या

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : लसीकरणातील चुका आणि बालकांच्या अंगावरील संशयास्पद जखमा यांची निर्भयपणे नोंद करता येण्याबाबत.

महोदय, महोदया,

मी आरोग्य सेविका म्हणून नोकरीला लागले आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले. मधल्या ३१ वर्षांत चार उपकेंद्रे आणि दोन प्राथमिक आरोग्य केंद्रे मी पाहिली. हे पत्र मी दोन्ही विभागांना एकत्र लिहीत आहे, कारण ज्या बाळांविषयी मला सांगायचे आहे ती अंगणवाडीच्या पटावर आपल्यापैकी एका विभागाची असतात आणि लसीकरणाच्या यादीत दुसऱ्या विभागाची, आणि नेमक्या या दोन कागदांच्या मधल्या जागेत काही गोष्टी हरवतात.

२०१७ च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. अंगणवाडीच्या पडवीत सत्र सुरू होते आणि चौदा आठवड्यांच्या डोससाठी एक मुलगा आला होता. त्याला आजीने मांडीवर घेतले होते आणि आई मागे भिंतीला टेकून उभी होती. पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लशीचे, इंजेक्शन डाव्या मांडीत द्यायचे असते, म्हणून मी दुपटे बाजूला करून लंगोट सोडला, तेव्हा मांडीच्या आतल्या बाजूला शेजारी शेजारी चार निळसर वळ दिसले. त्याच बाजूच्या कानाच्या पाळीमागेही एक डाग होता. मी विचारले, तेव्हा आजी म्हणाली, "झोळीतनं पडलं, सिस्टर." झोळीतून पडलेल्या बाळाच्या कपाळाला टेंगूळ येते, डोक्याला मार लागतो, मांडीच्या आतल्या बाजूला चार बोटे उमटत नाहीत. हे मला त्या क्षणीही कळत होते. आईने मान वर केली नाही. मी उजव्या मांडीत इंजेक्शन दिले, कार्डावर डोसपुढे "उजवी" असे लिहिले, तापाच्या औषधाचे नेहमीचे सांगितले आणि पुढच्या बाळाचे नाव पुकारले.

त्या मुलाच्या अंगावर काय होते याचा शासनाच्या कागदोपत्री असलेला एकमेव पुरावा म्हणजे "डावी"ऐवजी लिहिलेला तो "उजवी" हा शब्द. तो का लिहिला हे कुणी विचारले नाही आणि मीही कुणाला सांगितले नाही. त्या गावातल्या उपकेंद्राच्या खोलीत मी एकटी राहत होते. पोलीस आले असते तर पुढच्या सत्राला निम्म्या आया फिरकल्या नसत्या आणि सत्र कमी झाले म्हणून खुलासा मलाच द्यावा लागला असता. वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितले असते, तर "आपले काम लस देण्याचे" हे उत्तर मिळणार याची मला खात्री होती, कारण ते पूर्वी मिळालेले होते. ही कारणे मी समर्थनासाठी सांगत नाही. आज माझ्या जागी बसलेल्या सेविकेच्या मनातही हीच कारणे असतील, म्हणून सांगत आहे.

आपण एक गोष्ट लक्षात घ्यावी. दोन वर्षांच्या आतले बाळ शाळेत जात नाही, शेजारी गेले तरी कपड्यांत गुंडाळलेले असते आणि त्याला काही सांगता येत नाही. घराबाहेरच्या माणसाने त्याचे उघडे अंग ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या कारणाने पाहण्याचे प्रसंग आपल्या राज्यात मोजकेच आहेत आणि ते सगळे आपल्या दोन विभागांच्या हातात आहेत. सहा, दहा आणि चौदा आठवडे, नऊ महिने आणि सोळा महिन्यांनंतरचा बूस्टर अशा पाच वेळा आम्ही त्याच्या मांड्या पाहतो. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशा ताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते आणि झोळीच्या काट्यावर वजन घेताना त्याचे कपडे उतरवते. त्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत तिच्या आणखी पाच भेटी ठरलेल्या असतात. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते आणि दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मारहाण झाल्याचे सांगितले होते. ती सगळी बोलती मुले होती. जे बाळ अजून बोलत नाही त्याला प्रश्न विचारता येत नाही. त्याच्या कातडीवर जे लिहिलेले असते तेवढेच वाचता येते, आणि ते वाचायला समोर बसलेली असते ती आरोग्य सेविका.

आता याच टेबलावर घडणाऱ्या दुसऱ्या गोष्टीकडे वळते. ती माझ्याच हातून घडली आहे. २००९ मध्ये दिवाळीच्या आधीच्या सत्रात एका वस्तीवरच्या दोन जावा आपापली मुले घेऊन आल्या. एक मूल दहा महिन्यांचे, दुसरे सतरा महिन्यांचे. अंगाने दोन्ही सारखीच बारीक. आडनाव एक, आणि दोन्ही कार्डांवर मुलाच्या नावाच्या जागी नुसतेच "बाळ" लिहिलेले. कार्डांची अदलाबदल झाली. लहान्याला गोवराची लस द्यायची होती, त्याला डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लशीचा) बूस्टर गेला. मोठ्याला बूस्टर द्यायचा होता, त्याला गोवराची लस पुन्हा गेली. संध्याकाळी टॅली शीट भरताना मला ते चेहरे आठवले आणि पोटात गोळा आला. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगितले. ते म्हणाले, "पुढच्या सत्रात देऊन टाका, कागद कशाला खराब करता?" मी ऐकले. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी वस्तीवर जाऊन दोन्ही मुले पाहिली, ती ठणठणीत होती. मात्र पुढचे सत्र महिन्याने होते आणि तोवर ते कुटुंब ऊसतोडीला निघून गेले होते. लहान्याच्या कार्डावर गोवरापुढे माझ्या अक्षरात तारीख होती आणि अंगात लस नव्हती. कारखान्याच्या तळावर एखाद्या सिस्टरने त्याचे कार्ड पाहिले असते, तरी तिला ते पूर्णच दिसले असते. उन्हाळ्यात ते परत आल्यावर मी त्याला लस दिली. मधले सहा महिने त्याला गोवर झाला नाही, ही त्याच्या नशिबाची गोष्ट. त्यात माझा काही वाटा नाही. चूक मोठी नव्हती, लपवल्यामुळे ती मोठी झाली होती.

अशा चुका किती वाईट थराला जाऊ शकतात हे आपल्याला ठाऊक आहे. गोवराची लस भुकटीच्या रूपात येते आणि ती सोबतच्या डायल्युएंटमध्ये, म्हणजे लस विरघळवण्याच्या द्रवातच, कालवायची असते. कालवलेल्या लशीत जंतूंची वाढ रोखणारा घटक नसतो, म्हणून चार तासांनंतर उरलेली व्हायल, म्हणजे लशीची कुपी, टाकून द्यायची असते; नाही टाकली, तर तिच्यात वाढलेले जंतू विष तयार करतात आणि त्या विषाने धडधाकट मूल काही तासांत दगावू शकते. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सीमेला लागून असलेल्या बेळगाव जिल्ह्यात, रामदुर्ग तालुक्यात, गोवर-रुबेलाची लस दिल्यानंतर तीन बाळे गेली. लशीच्या व्हायल हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवल्या गेल्याचे त्या वेळी चौकशीत पुढे आले होते. शीतसाखळीचे, म्हणजे लस सतत ठरावीक थंडाव्यात ठेवण्याचे, महत्त्व न कळणारी सेविका मी आजवर पाहिलेली नाही. मात्र सत्राचे ठिकाण लांब, वाहन नाही, दुसऱ्या दिवशीचे सत्र दुसऱ्या टोकाला आणि केंद्रावर परत जायला एसटी नाही, अशा वेळी "आजची रात्र इथेच ठेवू" असे म्हणणारी सेविका मी पाहिली आहे. तिच्या जागी कोणती व्यवस्था असायला हवी होती, हा प्रश्न निलंबनाच्या आदेशात कधीच येत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात ३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओच्या दिवशी १२ मुलांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर गेले. मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले, सुदैवाने ती सगळी वाचली, आणि तिघांवर निलंबनाची कारवाई होत असल्याच्या बातम्या आल्या. कोरोनाच्या त्या दिवसांत प्रत्येक टेबलावर सॅनिटायझरची बाटली असायलाच हवी, हा आपलाच आदेश होता. ती लशीपासून किती अंतरावर असावी, कोणत्या हाताला असावी, तिचा आकार आणि झाकण कसे असावे, हे त्या आदेशात असते तर बरे झाले असते. कारवाई तीन माणसांवर आली. टेबल कसे मांडावे याचा धडा राज्यातल्या बाकीच्या बूथपर्यंत किती पोहोचला, हे मी तेव्हा नोकरीत असूनही सांगू शकत नाही, कारण आमच्या केंद्रावर त्यावर एकही बैठक झाली नाही.

एक उदाहरण लांबचे देते, कारण ते विसरता येत नाही. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या छोट्या देशात जुलै २०१८ मध्ये दोन परिचारिकांनी गोवर-गालगुंड-रुबेलाची लस डायल्युएंटऐवजी भूल देताना वापरायच्या, स्नायू सैल करणाऱ्या औषधात कालवली. एक बाळ काही मिनिटांत गेले. सत्र थांबले नाही आणि त्याच दिवशी काही वेळाने दुसरे बाळ गेले. परिचारिकांना तुरुंगवास झाला, ती लस देणे कित्येक महिने बंद राहिले, लोकांचा विश्वास उडाला, आणि २०१९ च्या अखेरीस तिथे गोवराची साथ येऊन ८३ जीव गेले, त्यांत बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुले होती. पहिल्या बाळाला काही झाले त्याच मिनिटाला "माझ्या हातून काहीतरी चुकले आहे, थांबा" असे कुणी ओरडले असते, तर दुसरे बाळ वाचले असते. तसे ओरडता यावे, एवढीच माझी आपल्याकडे मागणी आहे.

निष्काळजीपणाला शिक्षा नको, असे माझे म्हणणे नाही. मुदत संपलेली व्हायल माहीत असून वापरणारा, रजिस्टरमध्ये खोटे आकडे भरणारा, चूक झाल्यावर पुरावा नाहीसा करणारा, यांना कायद्याने गाठलेच पाहिजे. पण ज्या सेविकेने चूक लक्षात येताच सत्र थांबवले, आईला खरे सांगितले आणि त्याच दिवशी लेखी कळवले, तिला आणि लपवणाऱ्याला आपल्याकडे आज एकच कारणे दाखवा नोटीस मिळते. मग लेखी कोण कळवणार? लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांसाठी आपल्याकडे एईएफआयचा नमुना आहे, जिल्ह्याची समिती आहे. परंतु मूल आजारी पडले तरच तो कागद हलतो. माझ्या २००९ सारखी, मूल ठणठणीत राहिलेली चूक कुठे लिहायची याला जागा नाही, आणि उद्याच्या मोठ्या चुकीची वाट आज अशाच चुका दाखवत असतात. म्हणून अशा चुकांसाठी वेगळा, साधा, एका पानाचा नमुना द्यावा, तो पाहणारा अधिकारी आणि शिस्तभंगाची कारवाई करणारा अधिकारी एकच नसावा, आणि चोवीस तासांच्या आत स्वतःहून दिलेली माहिती त्या कर्मचाऱ्याविरुद्ध शिस्तभंगाच्या कारवाईत वापरली जाणार नाही, असे शासन निर्णयात स्पष्ट लिहावे. आईला कोणती लस दिली आणि काय चुकले हे तिच्या भाषेत सांगणे मात्र सक्तीचे असावे. त्यातून कुणालाच सूट नको.

अंगावरच्या जखमांचा प्रश्न याहून अवघड आहे. तिथे चूक आपली नसते, आणि संशय खोटा निघाला तर एक घर उद्ध्वस्त होऊ शकते. आपल्याकडे कित्येक बाळांच्या पाठीवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर करडे डाग असतात. नव्या माणसाला ते मार वाटतात. रक्त न गोठण्याच्या आजारात, के जीवनसत्त्वाच्या कमतरतेत, मुडदुसात आणि हाडे ठिसूळ असण्याच्या आजारात साध्या धक्क्यानेही डाग उठतात किंवा हाड मोडते. म्हणून सेविकेने निवाडा करू नये. पण काही खुणा अशा आहेत की त्या पाहून गप्प बसणे योग्य नाही : जे बाळ अजून कुशीवर वळत नाही त्याच्या अंगावरचा काळानिळा डाग, कान, मान, पोट आणि मांडीची आतली बाजू इथला मार, हातमोजा किंवा पायमोजा घातल्यासारखी, काठ सरळ असलेली भाजल्याची खूण, वरच्या ओठाच्या आतला फाटलेला पडदा, आणि दर वेळी बदलणारी हकिगत. एवढे शिकायला एक दिवसाचे प्रशिक्षण पुरेल. ३१ वर्षांत मला शीतसाखळीचे प्रशिक्षण वेळोवेळी मिळाले, याचे एकदाही मिळाले नाही. ते देताना चित्रे आपल्या मुलांच्या सावळ्या कातडीची असावीत. गोऱ्या कातडीवर दिसणारा लालनिळा डाग आपल्याकडे तसा दिसत नाही.

जखम करणाऱ्याचा हेतू वाईटच असतो, असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात २२ दिवसांच्या एका बाळाला आजार बरा व्हावा म्हणून तापवलेल्या विळ्याने पोटावर ६५ डागण्या दिल्याची बातमी सर्वांनी वाचली. त्या घरातल्या माणसांना बाळ हवेच होते. तिथे गुन्हा दाखल करून सगळे संपत नाही, कारण पुढचे घर शिक्षेच्या भीतीने डागलेले बाळ दवाखान्यातच आणत नाही. पण खूण पाहणाऱ्याने ती त्याच दिवशी लिहिली आणि बाळाला डॉक्टरांपर्यंत नेले, तर हेतू कोणताही असो, बाळ वाचते.

कायद्याची बाजू मला समजते तेवढी मांडते. लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ च्या पोक्सो कायद्याचे कलम १९ स्पष्ट आहे : कळले की कळवायचे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा, आणि सद्भावनेने कळवणाऱ्याला संरक्षण. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ मध्ये मुलाशी क्रूरपणे वागणाऱ्याला शिक्षा आहे. परंतु मारहाणीची खूण पाहिलेल्या सेविकेने कुणाला, किती वेळात आणि कोणत्या कागदावर कळवायचे आणि तिला संरक्षण कोणते, हे पोक्सोइतक्या स्पष्ट शब्दांत तिच्या हाती दिलेले नाही. संकटातल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेला असतो. त्या भिंतीला टेकूनच ती आई उभी होती. पण गावात फोन कुणी केला हे दोन दिवसांत कळते. म्हणून कळवण्याची जबाबदारी एकट्या सेविकेच्या नावावर नसावी. तिने बाळाला "पुढील तपासणीसाठी" म्हणून ग्रामीण रुग्णालयात पाठवावे, तिथल्या बालरोगतज्ज्ञाने तपासावे, मेडिको-लीगल (वैद्यकीय-कायदेशीर) नोंद आणि बालकल्याण समितीला कळवणे रुग्णालयाच्या नावाने व्हावे, आणि त्या घरी पुढचा पाठपुरावा कुणी करायचा हे दोन्ही विभागांनी मिळून ठरवावे. आईवर हात उगारला जात असेल, तर तेही याच वाटेने पुढे येईल. त्या दिवशी त्या आईला मी एकटीने दोन मिनिटे बाजूला घेतले असते, तरी बरेच कळले असते.

यासाठी नवी योजना लागणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाऊन मुलांना डोक्यापासून पायापर्यंत तपासतात. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब हे चार रकाने त्यांच्याकडे आहेत. "अंगावरील खुणा" असा पाचवा रकाना, सोबत बाळाच्या शरीराची पुढची आणि मागची बाह्यरेषा, जिच्यावर खूण कुठे आहे ते पेनाने दाखवता येईल, एवढे त्या कार्डावर आणि आशा ताईच्या गृहभेटीच्या नमुन्यात छापावे. छापील रकाना असला की विचारणे हा सेविकेचा आगाऊपणा राहत नाही, ते तिचे काम होते. "कार्डावर लिहावं लागतं, म्हणून विचारते" हे वाक्य आम्ही कुटुंबनियोजनापासून क्षयरोगापर्यंत सगळीकडे वापरले आहे आणि त्या आधाराने आम्ही कठीण प्रश्न विचारले आहेत.

माझ्या हातून राहिलेल्या दोन्ही नोंदी, म्हणजे २००९ मधली लशीची चूक आणि २०१७ मध्ये पाहिलेले ते वळ, आज मी माझ्या सहीने लेखी द्यायला तयार आहे. त्या कोणत्या नमुन्यात आणि कोणत्या कार्यालयात द्याव्यात, ते मला कृपया कळवावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायिका